केटी, चिंता आणि आठ जणांचा गट

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी दोन विषयांत केटी लागल्यापासून (म्हणजे ते विषय राहिल्यापासून) ती मैत्रिणींना टाळते. महाविद्यालयातील समुपदेशकांनी आठ विद्यार्थ्यांच्या गटात ‘सीबीटी’ (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारा मानसोपचार) घेण्यास सुचवले आहे. चारचौघांत मन उघडे करण्यापेक्षा तिने एकटीने समुपदेशन घेतलेले बरे नाही का?
– एक आई, लालबाग

उत्तर : आपला संकोच समजण्यासारखा आहे. मात्र या गटात कोणी आपली कर्मकहाणी ऐकवत बसत नाही. डॉ. आरन बेक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या या उपचारपद्धतीचा भर प्रसंगापेक्षा त्याचा आपण लावलेल्या अर्थावर असतो, आणि तो अर्थ कागदावर तपासायचा असतो. समजा, आपल्या मुलीने लिहिले, ‘केटीमुळे मैत्रिणी मला ढ समजतात, वाईट वाटण्याची तीव्रता शंभरपैकी ९०.’ मग याला पुरावा काय आणि विरुद्ध पुरावा काय, हे तिनेच शेजारच्या रकान्यांत भरायचे. समुपदेशकांनी समजूत घातली, तर ‘तुम्ही बरे वाटावे म्हणून म्हणता’ असे ती मनात म्हणेल. पण समोरचीच एखादी मुलगी ‘मलाही गणितात केटी आहे, मीही महिनाभर कँटीनला गेले नाही’ असे सांगते, तेव्हा तो विरुद्ध पुरावा खुर्चीवर बसलेला असतो. एकट्याच्या समुपदेशनात हे मिळत नाही.

पुढच्या सत्रापर्यंत एका मैत्रिणीबरोबर कँटीनमध्ये दहा मिनिटे बसायचे, आधी काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे, असा गृहपाठ असतो. (मुले तो सत्राला येताना लोकलमध्ये घाईघाईने उरकतात, आणि ते लगेच ओळखू येते.) हा गृहपाठ टाळला, तर उपचार अर्धाच राहतो.

गोपनीयतेची आपली शंका रास्त आहे. समुपदेशक व्यवसायाच्या नीतिनियमांनी बांधलेले असतात, इतर विद्यार्थी मात्र केवळ पहिल्या सत्रात दिलेल्या शब्दाने. म्हणून काय सांगायचे आणि काय नाही, हे तिच्याच हाती असावे. गटात घेण्यापूर्वी तिची स्वतंत्र भेट होणार का, हे अवश्य विचारा. तिच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर असेल, तर गटाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि सत्राहून घरी आल्यावर ‘आज काय बोललीस?’ असे तिला दारातच विचारू नका.