साडेचार वर्षांचा मुलगा दिवसभर दुकान-दुकान खेळतो, लिहायला बसतच नाही. ट्यूशन लावू का?

ताई, ट्यूशन नका लावू. तुम्ही लिहिलंय की शाळेतून वही कोरी येते न घरी आला की सोफ्यामागे संत्र्याचं दुकान मांडून बसतो. मी नागपुरातच बालवाडी घेते, दरवर्षी कोणीतरी आई हेच विचारते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो बॉलला संत्रं म्हणतो न चिंचोक्याला दहा रुपये, म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू धरून चालतो. अक्षर तरी काय असतं, आवाजाच्या जागी काढलेली रेघच न. लेव वायगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1933 मधे काठीचा घोडा करणाऱ्या पोराचं उदाहरण देऊन हेच मांडलं, की इथं पहिल्यांदा अर्थ वस्तूपासून सुटा होतो. लिहिण्याची वाटही अशा खेळातूनच जाते, असंही त्यांनी दुसरीकडे लिहिलंय. आपल्याकडे विदर्भात तर यासाठी अख्खा तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा पोळा आहे. लाकडाचा नंदी सजवून पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरतात, लाकूड आहे हे बरोब्बर माहीत असतं तरी त्याला पाणी पाजतात, कोणाचा पाय लागला तर भांडतात. इतक्याशा डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम, मला दरवर्षी नवल वाटतं.

अजून एक, त्याच्या दुकानात खरं बिस्कीट विकायला ठेवून बघा. बरीच पोरं खात नाहीत, कारण तो 'माल' असतो. एरवी जेवणाआधी बिस्कीट नको म्हटलं तर ऐकतात का? खेळाचा नियम स्वतःहून पाळतात, आपल्याला ओरडावं लागत नाही.

आता हेही सांगते की अशा खेळाने बुद्धी वाढते असं कोणी छातीठोक सांगून महागडा क्लास विकत असेल तर पैसे देऊ नका. 2013 मधे अँजेलिन लिलार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास तपासले तर बुद्धी न कल्पकतेबद्दल पक्का पुरावा सापडला नाही, भाषा न गोष्ट सांगण्याबद्दल शक्यता त्यांनी खुली ठेवली. मला तेवढं पुरतं, कारण तुमचा मुलगा दुकानात जितकं बोलत असेल तितकं वहीसमोर बसून नक्कीच बोलत नसेल.

तुम्ही फक्त गिऱ्हाईक व्हा. "भाऊ, संत्री कशी दिली?" विचारा, उधारी मागा, ती लिहून ठेवायला जुनी डायरी द्या, नुसत्या रेघोट्या मारल्या तरी हिशोब म्हणून वाचून दाखवायला सांगा, चुका काढू नका. दुकानाची पाटी त्यालाच रंगवू द्या. बोटांसाठी शेंगा सोलायला, कणकेचे गोळे करायला बसवा, पेन्सिल धरायला तेच कामी येतं.

न शाळेत जाऊन बोला. 2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वयाचं शिक्षण खेळातून द्यायचं म्हटलंय, तर साडेचार वर्षाच्या पोराला पानं भरायला का लावता हे बाईंना शांतपणे विचारायला काहीच हरकत नाही, जमलं तर वर्गातल्या अजून दोन-तीन आयांना सोबत न्या.