जिवंत आमिषावर खाऱ्या पाण्यात गरवायला कुठली स्पिनिंग रील घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला बडोद्यात, सुट्टीत कोकणात मामाकडे खाडीवर आणि जमेल तेव्हा दीवला होडीतून जिवंत बोय (आमिषाचा छोटा मासा) लावून गरवायचं आहे, खर्चाची तयारी दहा हजारांपर्यंत, आणि दुकानदार बारा बेअरिंगवाली रील गळ्यात मारतोय. घ्यावी का?

बेअरिंगचं नंतर बघू. आधी हे ठरवा, की आमिष पाण्यात असताना रॉड तुमच्या हातात असणार की धक्क्यावर टेकवलेला. सगळी निवड यावर आहे आणि दुकानात हे कुणी विचारत नाही.

टेकवून ठेवणार असाल तर बेटरनर पद्धतीची रील घ्या. हे नाव शिमानो कंपनीचं. पेन ही कंपनी तिला लाइव्ह लायनर म्हणते, ओकुमा बेट फीडर म्हणते, काम एकच. स्पूलच्या (दोरी गुंडाळायच्या रिळाच्या) पुढचा नेहमीचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला रोखणारा ब्रेक, असतोच, शिवाय मागे एक खटका आणि एक छोटी चावी असते. खटका टाकला की स्पूल मोकळा फिरतो, पण अगदी सुटा नाही. किती सुटा ते मागच्या चावीने ठरवायचं. उत्तरायणात आपल्याकडे फिरकी धरणारा पोरगा बोटांनी किंचित दाबून ढील देतो, म्हणजे मांजा सुटतोही आणि गुंताही होत नाही, नेमकं तेच. बोयीला फिरता येतं, मोठा मासा तिला घेऊन पळाला तर त्याला ओढ जाणवत नाही आणि रॉड पाण्यात जात नाही. मग तुम्ही हँडल फिरवलं की ‘खट’ करून मागचा मोकळेपणा संपतो आणि पुढचा ड्रॅग लागू होतो.

मागची चावी लावायची सोपी रीत: बोय पाण्यात सोडा आणि दोरीकडे बघत राहा. बोय नुसती पोहते आहे तरी दोरी सुटत असेल तर चावी थोडी आवळा. वाऱ्याने किंवा पाण्याच्या ओढीने दोरीला पोट येत असेल तर अजून थोडी. नायलॉनपेक्षा ब्रेडेड (विणलेल्या) दोरीला हे जास्त सांभाळावं लागतं. ती हलकी असते, स्पूल जरा जास्त फिरला की वेटोळी सुटतात आणि पुढच्या फेकीला गाठ बसते.

रॉड हातातच धरणार असाल तर बेटरनरचे पैसे वाचवा. साध्या रीलची बेल (दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान) उघडी ठेवायची, दोरी तर्जनीवर धरायची. मासा पळाला की बोट सोडायचं, मग बेल बंद करून गुंडाळायचं. मला स्वतःला हेच आवडतं, बोटाला सगळं कळतं. वाचलेल्या पैशात त्याच किमतीला जास्त बळकट बॉडीची रील मिळते.

आणि खडकात हेकरूसाठी बसणार असाल तर ढील हा प्रकारच विसरा. हेकरू आमिष घेतो आणि तसाच कपारीत शिरतो. दोन हात दोरी दिली की संपलं. तांबोशीही खारफुटीच्या मुळांत तेच करते. तिथे ड्रॅग घट्ट, रॉड हातात. मोकळा स्पूल खपतो तो उघड्या पाण्यात, होडीतून सुरमईला किंवा खाडीच्या मुखाशी जिताड्याला.

आता दुकानदाराच्या गोष्टी. बारा बेअरिंग म्हणजे खाऱ्या पाण्यात गंजायला बारा जागा. वर्षानुवर्षं चालणाऱ्या रीलांत पाच-सहाच असतात, पण स्टेनलेसची आणि सील केलेली. बघायचं काय, तर बॉडी धातूची आहे का, कारण प्लास्टिकची बॉडी जोरात पिळवटते आणि आतले दाते एकमेकांवरून सरकतात. आणि पाणी आत जाणार नाही याची सोय आहे का. पेनच्या स्पिनफिशर सहाव्या पिढीवर आयपीएक्स-5 लिहिलेलं असतं, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण. त्याच मालिकेत लाइव्ह लायनरही आहे. तुमच्या पैशात ती बसली नाही तर ओकुमाची बेट फीडर बघा, फक्त धुण्याबाबत जास्त कडक राहा.

डब्यावरचा ‘कमाल ड्रॅग 15 किलो’ही सोडून द्या. हिशेब करा: 30 पौंडांची दोरी म्हणजे साधारण साडेतेरा किलोच्या ओढीला तुटणारी. ड्रॅग लावायचा तिच्या पाव ते एक-तृतीयांश, म्हणजे साडेतीन-साडेचार किलो. त्यावर ताकद लागतच नाही. लागतं ते गुळगुळीत सुटणं. बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा खिडकीच्या गजाला अडकवा, दोरी रॉडच्या कड्यांतून काढून त्याला बांधा, रॉड वाकवून मागे सरका. काटा चार किलोला हळूहळू जाऊन तिथेच ठरला तर ठीक. आधी पाचवर उडी मारून मग धपकन तीनवर आला तर ती रील नको, नेमक्या त्या झटक्याला दोरी तुटते. (हा प्रयोग घरीच करा. विश्वामित्रीच्या काठावर सराव करायला गेलात तर मगरी आहेत.)

साइझचा आकडा कंपनीनुसार बदलतो, म्हणून 6000 की 8000 असं विचारू नका, किती दोरी मावते ते विचारा. खाडीला 30 पौंडी ब्रेडेड दोनशे-अडीचशे मीटर, होडीतून 40 ते 50 पौंडी तीनशे मीटर. खाली थोडा तंगूस गुंडाळून घ्या, नाहीतर अख्खी ब्रेडेड दोरी स्पूलवर गोल फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटत राहतं. गिअर (हँडलच्या एका फेरीत दोरीचे किती वेढे बसतात तो आकडा) 4.8 ते 5.3 च्या दरम्यान पुरे, वेगवान रीलला मोठा मासा ओढताना दम लागतो. पुढे 40 ते 60 पौंडी फ्लोरोकार्बन दोरीचा (घासली तरी लवकर न तुटणाऱ्या) तुकडा हवाच, जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. गळ सर्कल (आत वळलेल्या टोकाचा) घ्या, आणि खटका बंद झाल्यावर झटका देऊ नका, नुसतं गुंडाळत जा.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराचा फवारा मारू नका. पुसून, सुकवून मग ड्रॅग सैल करून ठेवा.

एक आपल्या गावापुरतं. बडोद्याहून जवळ पडतो म्हणून पहिला प्रयोग कावी-कंबोईला करू नका. भरतीत स्तंभेश्वराचं देऊळ बुडतं ते पाहिलंच असेल. खंभातच्या आखातात उधाणाला दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं, गाळ आणि ओढ एवढी की जिवंत आमिष पोहत नाही, वाहून जातं, आणि चिखलात माणूस अडकतो. कोकणात भांगाच्या दिवसांत गेलात तर ओढ कमी मिळते, मागची चावी कशी लावायची ते तिथे नीट शिकता येईल.

जुनी रील मिळत असेल तर जरूर बघा. दोरी जिच्यावरून वळते ती बेलवरची छोटी चाकी बोटाने फिरवा, खाऱ्या पाण्यात सगळ्यात आधी तीच जाम होते. मग हँडल पुढे-मागे हलवा, उलटं जायला मोठी ढिलाई नको. मागचा खटका दहा-पंधरा वेळा टाकून हँडलने बंद करून बघा. एकदा जरी बंद झाला नाही तरी परत द्या, मग भाव कितीही कमी असो.