मराठी प्रबंधात ‘प्रस्तुत संशोधिकेने’ लिहायलाच हवं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: समाजशास्त्रातला पीएच.डी.चा प्रबंध मराठीतून लिहिताय, विषय मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रिया, आणि मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण ‘भाषा शास्त्रीय वाटत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलंय. तर आता ‘मी’ काढून सगळीकडे ‘प्रस्तुत संशोधिका’ घालायचं का, आणि भाषा आणखी किती जड करायची?

जड अजिबात करू नका. प्रबंधांची भाषा तपासून देणं हे माझं काम आहे, आणि या कामात सर्वांत जास्त वेळ जातो तो जड वाक्यं सोडवण्यात. ‘प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने उत्तरदात्यांकडून माहिती संकलित करण्याचे कार्य करण्यात आले.’ भारदस्त वाटतं खरं, पण यातून कळतं एवढंच, की माहिती गोळा झाली. कोणी केली, किती जणींकडून, फडावर जाऊन की हंगाम संपल्यावर गावात, काही पत्ता नाही. शेरा मारताना तुमच्या मार्गदर्शकांना बहुधा नेमकेपणाच हवा असेल. त्यांना एकदा सरळ विचारा.

आता ‘मी’. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या लेखनशैलीच्या पुस्तिकेची सातवी आवृत्ती स्वतःच्या कामाबद्दल प्रथमपुरुषात लिहा असंच सांगते, कारण ‘संशोधकाने’ म्हटलं की नेमका कोणता संशोधक हा घोळ होतो. साहित्याच्या आढाव्यात तर हमखास होतो. पण आपल्याकडची बरीच विद्यापीठं आणि बहिःस्थ परीक्षक अजून ‘मी’ पाहून भुवया उंचावतात, हेही खरं. तिथे मराठीच मदतीला येते. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य लंगडं होत नाही. ‘बीड जिल्ह्यातील दोन गावे निवडली. मुलाखती हंगाम संपल्यानंतर घेतल्या. मुकादमांच्या नोंदवह्या तपासल्या.’ ना ‘मी’, ना ‘प्रस्तुत संशोधिका’, ना ‘घेण्यात आल्या’. कार्यपद्धतीचं अख्खं प्रकरण असं लिहिता येतं. मत मांडायची वेळ आली की मात्र ही सोय संपते, कारण ‘असे मानते’ म्हटल्यावर क्रियापदच सगळं सांगून टाकतं. तिथे बेधडक ‘मी’ लिहा. विद्यापीठाच्या नियमावलीत स्पष्ट मनाई असेल, तरच ‘संशोधिका’.

खरी शास्त्रीय शिस्त क्रियापदांत दिसते, आणि तिकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. ‘आढळते’, ‘दिसते’, ‘सूचित होते’, ‘सिद्ध होते’ हे शब्द एकमेकांऐवजी चालत नाहीत. तक्त्यात आकडा समोर आहे, तर ‘आढळते’. अनेक मुलाखतींतून एक कल जाणवतोय, तर ‘दिसते’. त्यामागचं कारण तुम्ही सुचवताय, तर ‘सूचित होते’ किंवा ‘असे म्हणता येईल’. दोन गावांतल्या मुलाखतींवरून ‘सिद्ध होते’ लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. दुसऱ्यांचं म्हणणं सांगतानाही तोल सांभाळा. ‘दावा करतात’ म्हटलं की तुमचा अविश्वास डोकावतो. ‘नोंदवतात’मध्ये तो नसतो, आणि ‘दाखवून देतात’ म्हणजे तुम्ही त्यांचं म्हणणं मान्यच केलंत.

तुमच्या विषयात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि शैलीच्या पुस्तिकांत ती सहसा सापडत नाही. मराठीत आदर क्रियापदातच असतो. त्यामुळे नकळत असं होतं, की ‘डॉ. आंबेडकर म्हणतात’, ‘मार्क्स म्हणतो’, तहसीलदार ‘म्हणाले’ आणि ऊस तोडणारी बाई ‘म्हणाली’. एका पानावर चार माणसं आणि त्यांच्या पायऱ्या आपणच ठरवून दिलेल्या! श्रमिक स्त्रियांवरच्या प्रबंधात हे फार खटकतं. माझं मत स्पष्ट आहे: सगळ्यांना आदरार्थी बहुवचन. देशी असोत की परदेशी, हयात असोत की नसोत, कुलगुरू असोत की कामगार. ‘एका कामगार महिलेने सांगितले’ अशी रचना केली, तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्न उद्भवतच नाही.

त्या बायकांचं बोलणं उद्धृत करताना ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नका. ‘आमाला उचल दिली व्हती’ हे वाक्य ‘आम्हाला आगाऊ रक्कम देण्यात आली होती’ असं केलंत, की ती बाईच पानावरून गायब होते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही कुणाच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली आहे. तुमचं स्वतःचं निवेदन मात्र एकारान्त ठेवा: ‘असे’, ‘केले’, ‘झाले’. मी इथे ‘असं’, ‘केलं’ लिहितोय ते गप्पा मारल्यासारखं उत्तर आहे म्हणून.

‘कोयता’, ‘उचल’, ‘मुकादम’, ‘टोळी’ हे शब्दही तसेच राहू द्या. पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ द्या. उदाहरणार्थ, कोयता म्हणजे फक्त अवजार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडीही, आणि ती जोडी हिशेबात एक धरतात. हे माहीत नसलेल्या परीक्षकाला तुमचे मजुरीचे तक्ते कळणारच नाहीत. शास्त्रातल्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. तिथला एखादा प्रतिशब्द पटला नाही, तर दुसरा घ्या, पण एकदा घेतला की शेवटच्या पानापर्यंत तोच. ‘स्तरीकरण’ मध्येच ‘स्तररचना’ झालं, की वाचणाऱ्याला दोन वेगळ्या संकल्पना वाटतात. शब्दांची पुनरुक्ती टाळा हा शाळेतल्या निबंधाचा सल्ला इथे विसरा.

शुद्धलेखनाचे नियम तेच, १९६२चे, १९७२मध्ये चारांची भर पडलेले. प्रबंधांत ठरावीक जागीच घोटाळे होतात. ‘पद्धती’ सुटा लिहिताना दीर्घ, पण ‘पद्धतिशास्त्र’ ऱ्हस्व. तसंच ‘नीती’ आणि ‘नीतिशास्त्र’. ‘तथापि’ आणि ‘परंतु’ मात्र ऱ्हस्वच. ‘महत्त्व’, ‘तत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांत त दोनदा, ‘नेतृत्व’, ‘कर्तृत्व’ यांत एकदा. शब्दयोगी अव्यय तोडू नका: ‘कामगारां मध्ये’ नाही, ‘कामगारांमध्ये’. मोबाइलवर टंकलेली प्रकरणं या एका चुकीने भरलेली असतात.

वाङ्मयचौर्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण त्याचाही भाषेशी संबंध आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तो आकडा गाठण्यासाठी काही जण दुसऱ्याच्या परिच्छेदातले शब्द बदलत सुटतात, ‘स्त्री’ची ‘महिला’ आणि ‘कारण’चं ‘हेतू’ करतात, आणि शेवटी धड अर्थच उरत नाही. इंग्रजीतला उतारा मराठीत आणून आपला म्हणून खपवणंही चौर्यच. सॉफ्टवेअरला तो कदाचित सापडणार नाही, पण त्या विषयातल्या परीक्षकाला वाक्यरचनेवरून लगेच वास येतो. अनुवाद तुम्ही केला असेल, तर ‘अनुवाद संशोधिकेचा’ अशी टीप द्या आणि मूळ पृष्ठांक लिहा.

संदर्भसूचीत आडनाव आधी: ‘कर्वे, इरावती’. डॉ., प्रा., तर्कतीर्थ या पदव्या तिथे नकोत. टोपणनावाने छापलेलं पुस्तक टोपणनावाखालीच नोंदवा. संतांची नोंद नावाखाली करा. आणि प्रबंधाच्या सुरुवातीला तुकोबांचा अभंग घालणार असाल (बहुतेक जण घालतात), तर नुसता अभंग क्रमांक पुरत नाही. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक वेगवेगळे आहेत, तेव्हा कोणती प्रत वापरलीत तेही लिहा.