पासवर्डच्या तिजोरीला कुलूप किती मिनिटांनी?

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसते. लॅपटॉप टेबलावर ठेवूनच चहाला जाते. पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डन ॲपचं ब्राउझर एक्स्टेन्शन किती मिनिटांनी लॉक व्हावं?

चहा एकटीने की मैत्रिणींबरोबर? अमृततुल्यात अर्धा तास कुठे जातो कळत नाही, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचं कुणीही तिजोरी उघडून बसेल. मिनिटं मोजण्यापेक्षा टाइमआउटमध्ये, म्हणजे तिजोरी कधी बंद व्हावी ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, 'सिस्टीम लॉक' निवडा आणि उठताना विंडोज व एल ही बटणं एकदम दाबा. स्क्रीन आणि तिजोरी दोन्ही बंद. बटणं दाबायची आठवण राहत नसेल, तर मात्र पाच मिनिटं ठेवा.

प्रश्न : लॉक आणि लॉग आउट यांत फरक काय?

लॉक केलं की कूटबद्ध माहिती यंत्रातच राहते, नेट नसलं तरी उघडते. लॉग आउट केलं की ती तिथून जाते. परत यायला नेट, मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, चालू असेल तर तिचा कोडही लागतो. स्वतःच्या लॅपटॉपवर लॉक पुरे. कॉलेजच्या लॅबमध्ये? तिथे तिजोरी उघडूच नका, फोनवर पाहून पासवर्ड टाइप करा.

प्रश्न : चार आकडी पिन चालेल का? मास्टर पासवर्ड फार लांब आहे.

समोर बसून अंदाज लावणाऱ्यासाठी चालेल. बिटवॉर्डन पाच चुकांनंतर लॉग आउट करतं. पण पिन ठेवताना 'ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड विचारा' अशा अर्थाची खूण असते, ती लोक कंटाळून काढतात. ती काढली की पिनने उघडणारी किल्ली डिस्कवर उतरते. कुणी फाइलच उचलून नेली, तर पाच चुकांची मर्यादा उरत नाही, आणि चार आकड्यांच्या जुळण्या असतात फक्त १०,०००. खूण राहू द्या. पिनमध्ये अक्षरंही चालतात. गाडीचा नंबर तर नकोच, तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना पाठ असतो.

प्रश्न : वय ७१, कोथरूड. बोटाच्या ठशाने उघडतो. नातवाचाही ठसा फोनमध्ये आहे, गेमसाठी.

मग आजोबा, तिजोरी नातवाचीही! फोनमध्ये नोंदलेलं बोट कुणाचं, हे ॲपला कळत नाही. त्याचा ठसा काढा. रुसला तर रुसू दे.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. रोज ठसा वापरून मास्टर पासवर्ड विसरला जातो आणि कंपनी तो शोधून देऊ शकत नाही, तिच्याकडे तो नसतोच. आठवड्यातून एकदा हाताने टाइप करा. तो आणि टू-स्टेपचा रिकव्हरी कोड (नेहमीचा कोड मिळत नसेल तेव्हाचा) कागदावर लिहून विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. माझा फोन बंद पडला तेव्हा टू-स्टेपचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याच्यातच अडकलं होतं. कपाटातल्या अशाच एका चिठ्ठीने मला आत घेतलं. आणि फाइल कुठे आहे, ते आजींना आजच दाखवून ठेवा.