मे महिन्यातले हातमोजे

ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, लालबागला राहते, वन रूम किचन, आम्ही चौघं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दर २१ दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनची ड्रिप आणि १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. आठ सायकल सांगितल्यात, तीन झाल्या. परवा सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलली आणि करंट लागल्यासारखी हातातून सुटली, अर्धा लिटर दूध पॅसेजमध्ये. सासूबाई म्हणाल्या, मनाचे खेळ आहेत, मुंबईत मे महिन्यात कोणाला गार लागतं? गेल्या वर्षी हप्त्यावर एसी घेतला तो माझ्यामुळे बंद आहे, मुलगा परीक्षेचा अभ्यास घाम पुसत करतो, नवरा काही बोलत नाही पण मला दिसतं ना. ड्रिपच्या दुसऱ्या दिवशी फ्रीजमधलं कोकम सरबत प्यायले तर घसा असा आवळला की वाटलं संपलं सगळं. डॉक्टरांना सांगितलं नाही, औषध बंद करतील अशी भीती वाटते. मी थेरं करतेय का?
– दूध सांडणारी

अगं दूध सांडणारे,

थेरं नाहीत गं. तुझं पत्र वाचून मला माझा उसाचा रस आठवला. माझंही हेच आतडं, हेच औषध, २०१७ साली. पहिली ड्रिप संपवून बाहेर आले, ऊन मी म्हणत होतं, समोर रसवंती, बर्फ घातलेला ग्लास घेतला आणि पहिल्याच घोटाला घसा कोणीतरी मुठीत धरावा तसं झालं, मी रसवाल्याचा हात धरून उभी आणि तो बिचारा घाबरून म्हणतोय पैसे नको मावशी पैसे नको. आम्हाला वॉर्डात कागद दिला होता त्यात उलटी, जुलाब, केस सगळं होतं, गार पिऊ नका हे एक वाक्य कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. म्हणून मी ते आता दिसेल त्याला सांगत सुटते.

या ड्रिपच्या औषधात प्लॅटिनम असतं, हो, दागिन्यातलंच (आपल्याला सोनं परवडत नाही आणि प्लॅटिनम थेट शिरेतून, काय बोलावं). ते हातापायाच्या आणि घशाच्या नसांना इतकं हुळहुळं करून ठेवतं की गार वस्तू नुसती गार लागत नाही, ती टोचते, झिणझिण्या येतात, बोटं आखडतात. काहींना जेवताना पहिल्या घासाला जबड्यात कळ येते, तेही त्यातलंच. ड्रिप चालू असतानाच किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं, बहुतेकांचं आठवड्याभरात उतरतं आणि पुढच्या ड्रिपला पुन्हा हजर, बऱ्याचदा आधीपेक्षा थोडं जास्त. सासूबाईंना हे तू सांगून पटणार नाही, तुझ्याशी त्यांचा हिशेब जुना असेल. पुढच्या ओपीडीला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. डॉक्टरने सांगितलं की सासवांना पटतं, हा माझा अनुभव आहे.

घसा आवळतो तेव्हा श्वास बंद झाला असं वाटतं, पण हवा आत जात असते, नसा खोटी बातमी देत असतात. बसून घे, ओढणी नाकातोंडाला लाव म्हणजे आत जाणारी हवा उबदार होते, कोमट पाणी घोटघोट घे, काही मिनिटांत सुटतं. पण अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, ओठ-चेहरा सुजला, छातीत घरघर झाली तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा ओढणीबिढणी नाही, सरळ कॅज्युअल्टी. आणि घशाचं हे तू डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, कारण दोन तासांत जाणारी ड्रिप सहा तासांवर नेता येते आणि त्याने घशाचा त्रास कमी होतो. तू गप्प बसलीस तर त्यांना कसं कळणार?

आता तुझी ती भीती. मला तुझ्या पत्रात एसीपेक्षा, सासूपेक्षा तेच वाक्य जास्त लागलं, कारण मीही तेच केलं होतं. पाचव्या सायकलला नर्सने विचारलं, मुंग्या येतात का, मी म्हटलं थोड्या, आणि घरी कानातल्याची फिरकी नवरा लावून देत होता. हे चुकलं माझं. गार लागल्यावर झिणझिणणं वेगळं आणि गार काही नसताना, पुढची ड्रिप आली तरी बोटं बधिर राहणं वेगळं, दुसरं म्हणजे नसांना खरी इजा होतेय आणि ती डोसावर डोस साठत जाते. फिरकी, ब्लाउजचे हूक, सुईत दोरा, यातलं काय जमत नाहीये ते लिहून ने. डॉक्टर डोस कमी करतील, किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून गोळ्या पुढे चालू ठेवतील, यालाच ते ट्रीटमेंट अ‍ॅडजस्ट करणं म्हणतात, सोडणं नाही. अजून एक विचार, २०१८ मध्ये मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, आतड्याच्या तिसऱ्या स्टेजमधल्या कमी धोक्याच्या पेशंटना हीच तुझी ड्रिप-गोळ्यांची जोडी सहा महिन्यांऐवजी तीन महिने दिली तरी जवळपास तेवढाच फायदा दिसला, आणि नसांचा त्रास खूप कमी. तीन महिने म्हणजे चार सायकल. तू त्यात बसतेस की नाही हे तुझा ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील, पण विचारायला पैसे पडत नाहीत. स्वतःहून मात्र एकही ड्रिप चुकवायची नाही.

एसीचं सोपं आहे, तुम्ही उगाच २१ दिवस बंद ठेवलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ड्रिपच्या दिवसापासून सात दिवस लाल पेनाने गोल कर. ते सात दिवस एसी बंद, पंखा चालू, मुलगा अभ्यासिकेत, नवऱ्याने ओला टॉवेल घेऊन बसावं. उरलेले चौदा दिवस २६-२७ वर लाव, झोत तुझ्यावर नको, पायात मोजे, आणि झोंबलं तर सांग. एकदा कॅलेंडरवर आलं की ते घराचं वेळापत्रक होतं, तुझा हट्ट राहत नाही. त्या लाल आठवड्यात फ्रीज दुसऱ्याने उघडायचा. लोकांना वाटतं आइस्क्रीम नाही खाल्लं की झालं, पण खरी फसगत फ्रीजमधल्या कणकेत असते, कोथिंबिरीच्या जुडीत, स्टीलच्या डब्यात, सकाळच्या लादीवर. साधे सुती हातमोजे ओट्यावर ठेव, चप्पल घरातही घाल. बँकेत, मॉलमध्ये शाल.

पण उलट टोकालाही जाऊ नकोस हं, म्हणजे गार झोंबतंय म्हणून हात कढत पाण्यात, शेकायची पिशवी पायाला. तुझ्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात आणि उष्णतेने ते वाढतं, शिवाय बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कोमट म्हणजे खरंच कोमट, बादलीत आधी कोपर घालून बघ, बाळाच्या आंघोळीला बघतो तसं. आणि डेकेअरमध्ये शेजारच्या बाईने बर्फाचे मोजे घातले असतील किंवा कोणी बर्फ चघळत असेल तर बघून शिकू नकोस, त्यांचं औषध वेगळं.

एक गोष्ट सासूबाईंच्याही कानावर घाल. गार झोंबणं वेगळं आणि हुडहुडी भरणं वेगळं. पांघरूण घेतलं तरी दात वाजताहेत, असं झालं तर थर्मामीटर लाव, १०० पॉइंट ४ किंवा वर असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल, आधी तापाची गोळी घेऊन ताप दाबायचा नाही. केमोत पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा इन्फेक्शन काही तासांत वाढतं. ‘तिला हल्ली गारच लागतं’ म्हणून घरच्यांनी वर अजून एक गोधडी टाकली आणि सकाळपर्यंत थांबले, असं होऊ देऊ नका. आणि नुसतं दिवसभर आतून गारठल्यासारखं, गळून गेल्यासारखं वाटत असेल तर हिमोग्लोबिन बघायला सांग, थायरॉइडही.

नंतरचं विचारलं नाहीस पण सांगते. शेवटच्या ड्रिपनंतर गार झोंबणं काही आठवड्यांत बऱ्यापैकी जातं. बधिरपणा मात्र औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतो, आणि मग हळूहळू उतरतो, कोणाचा पूर्ण, कोणाचा नाही. माझी ट्रीटमेंट संपली आणि त्याच डिसेंबरात वेस्टर्नला पहिली एसी लोकल सुरू झाली, मी हौसेने बोरिवलीला चढले आणि अंधेरीला उतरून साध्या गाडीत बसले, इतकी बोटं ठणकली. आता एसी लोकलमध्ये झोपते मी. पण पायाची बोटं अजून अर्धी माझी अर्धी कोणाची, दादरच्या पुलावर एकदा चप्पल मागे राहिली आणि मला चार पावलं गेल्यावर मागच्या मुलीने हाक मारली तेव्हा कळलं. तेव्हापासून मागे पट्टा असलेली सॅंडल, आणि पावसाळ्यात रोज रात्री तळवे उजेडात बघते, काही लागलंय का. नंतर दुखरा बधिरपणा राहिलाच तर ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी काहींना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरांनी लिहायची. काढे, ताकदीच्या गोळ्या, कोणाच्या मावसभावाने सांगितलेलं चूर्ण, काहीही न विचारता नको.

दुधाची पिशवी उद्यापासून नवऱ्याने उचलायची आणि तापवायचीही त्यानेच. उतू गेलं तर तू काही बोलू नकोस, तुझं एकदा सांडून झालंय.

– ताई