मुंबईत राहून दुसऱ्या शहरात भाड्यासाठी घर घेताना

आपण कांदिवलीत राहता, कर्ज धरून साठ लाखांपर्यंत तयारी आहे आणि भाड्याच्या उत्पन्नासाठी पुणे, नाशिक व बंगळुरू यांपैकी कोठे घर घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. माझे मत पुण्याच्या बाजूने आहे, पण एजंट सांगतो ते भाडे पाहून निर्णय घेऊ नये.

उदाहरणार्थ, साठ लाखांच्या घराला महिना १८,००० रुपये भाडे मिळाले, तर वर्षाचे २,१६,००० म्हणजे ३.६ टक्के दिसतात. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे व एक महिन्याची दलाली असे ३६,०००, सोसायटीच्या मेंटेनन्सचे ३६,००० आणि मालमत्ता करासाठी अंदाजे १२,००० वजा केले, की १,३२,००० म्हणजे २.२ टक्के उरतात. रंगकाम, गळती आणि कर्जाचे व्याज अजून धरलेलेच नाही. खरेदीच्या वेळी पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४,२०,००० रुपये, आणि नोंदणीचे ३०,००० रुपये जातात. म्हणजे सुमारे दोन वर्षांचे भाडे गेले असे समजावे. शिवाय पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

तरीही पुणे सुचवतो, याचे मुख्य कारण कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांचा करार असला तरी सुटका नाही. मुदत संपूनही राहणाऱ्याकडून घर परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते आणि त्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. हे संरक्षण बंगळुरूत याच रूपात मिळणार नाही. तेथील कायदा, पद्धती आणि वकील नव्याने समजून घ्यावे लागतील, आणि नळ गळू लागला की विमानाचे तिकीट काढून तर जाता येत नाही. नाशिकमध्ये घर स्वस्त मिळते, पण भाडेही त्याच मानाने कमी असते.

पुण्यातही हिंजवडी किंवा खराडीसारख्या आयटी भागात घर पाहाल, तर केवळ कंपन्यांची नावे पाहू नका. त्याच संकुलात किती घरे रिकामी आहेत हे सोसायटीच्या कार्यालयात व सुरक्षारक्षकाकडे विचारा. नव्या इमारतीचा ताबा एकदम दिला जातो तेव्हा शंभर मालक एकाच वेळी भाडेकरू शोधत असतात आणि भाडे पडते. सोसायटीच्या उपनियमांत भाडेकरूंबाबत काय म्हटले आहे तेही वाचा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, तरी काही सोसायट्या मागून पाहतात.

प्राप्तिकरात, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च कितीही होवो. नव्या करप्रणालीत मात्र व्याजामुळे येणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. कर्जाचा हप्ता ठरवताना हे आपल्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

देखभालीसाठी त्याच संकुलात राहणारा एखादा विश्वासू परिचित नसेल, तर दरमहा ठरावीक मोबदल्यावर माणूस नेमा, किल्ली त्याच्याकडे ठेवा; डिपॉझिट मात्र थेट आपल्या खात्यातच घ्या आणि घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो कराराच्या यादीसोबत जोडा.