पत्र्याचा उठाव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ०.८ मिमीच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यावर ३ मिमी उंचीचा गोल उठाव काढतो. आठ-दहा नगांमागे एक कडेला चिरतो. प्रेसचं टनेज (दाबाचा जोर) वाढवू का?

टनेजला हात लावू नका. इथे जोर पुरतोय, पत्रा पुरत नाहीये. डीप ड्रॉमध्ये, म्हणजे पत्रा दाबून खोल भांडं काढताना, ब्लँकची (कापलेल्या सपाट तुकड्याची) कड आत सरकते आणि भिंतीला माल मिळतो. एम्बॉसिंगमध्ये, म्हणजे तुमच्यासारखा उठाव काढताना, तो उठाव मधोमध, चहूबाजूंनी अडवलेला असतो. बाहेरून माल जवळजवळ येतच नाही. जागेवरचाच पत्रा ताणून पातळ होतो.

हिशेब करून पाहा. भिंत ४५ अंशांत चढत असेल, तर ३ मिमी आडव्या जागेत ४.२४ मिमी लांब पत्रा लागतो, म्हणजे ४१ टक्के ताण. ६० अंशांत लांबी आडव्या जागेच्या थेट दुप्पट. साधा सीआर पत्रा ३०-४० टक्क्यांच्या आसपास तुटायला येतो. माथ्याचा आणि आजूबाजूचा पत्रा थोडा ताण वाटून घेतो, म्हणूनच तुमचे बाकीचे नग वाचतात.

आधी पंचाच्या (वरून दाबणाऱ्या ठोकळ्याच्या) कडेचा आणि डायच्या (खालच्या साच्याच्या) तोंडाचा रेडियस वाढवा, तिथे चांगलं पॉलिश करा. मग भिंत तिरकी करा. उंची जाडीच्या तिपटीच्या आत, म्हणजे २.४ मिमीपर्यंत, आणता येते का हे गिऱ्हाइकाला विचारा. बहुतेक ड्रॉइंगांवर ती उंची कुणी फार विचार करून लिहिलेली नसते. तरीही चिरलं, तर ईडीडी (एक्स्ट्रा डीप ड्रॉइंग, जास्त ताणला जाणाऱ्या) ग्रेडचा पत्रा घ्या. आणि चिरलेला नग भंगारात टाकू नका! चिरेजवळची जाडी मोजा. पत्रा कुठे संपतोय ते तिथेच कळतं.

प्रश्न : ट्रेचा तळ १ मिमीवरून ०.८ मिमीवर आणायचा आहे. पट्ट्या उठवल्या तर चालेल?

चालेल, पण दिशा पाहून. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो, ०.८ मिमीला तो निम्म्यावर येतो. पट्टी उठवली की पत्रा मधल्या पातळीपासून दूर जातो आणि ती तूट सहज भरून निघते, मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच. सगळ्या पट्ट्या समांतर काढल्या तर दोन पट्ट्यांमधला सपाट भाग बिजागरीसारखा दुमडतो. काही पट्ट्या आडव्या घ्या. फार खोलही जाऊ नका. मधला भाग ताणून लांबला की तळ डब्यासारखा टकटक वाजायला लागतो.

प्रश्न : नाण्यावरचं चित्र म्हणजे एम्बॉसिंगच ना?

नाही. नाणं उलटून पाहा, मागे वेगळंच चित्र असतं. एम्बॉसिंगमध्ये पुढे उंचवटा तर मागे तोच खळगा, आणि जाडी जवळपास तीच. नाण्यात बंदिस्त डायमध्ये प्रचंड दाबाखाली धातू वाहतो आणि जागोजागी जाडी बदलते. ते कॉइनिंग.

प्रश्न : गाडीची नंबरप्लेट वाकली होती. ठोकून सरळ केली, तर दोन अक्षरं बसली. ती पुन्हा उठवता येतील?

एक मिमीचं ॲल्युमिनियम अक्षराच्या कडेला आधीच ताणून कडक झालेलं असतं. बसवलेलं अक्षर परत उठवायला गेलात तर नेमकं तिथेच तडकेल, शिवाय अक्षरावरची हॉट स्टँपिंगची (गरम दाबून चिकटवलेली) काळी फिल्मही सुटेल. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेटच लागते, त्यामुळे बाहेरून दुसरी ठोकून घेण्याचाही मार्ग नाही. अधिकृत विक्रेत्याकडे बदली प्लेट मागवा.